जावा, येझदी आणि त्यांच्या वयाच्या गाड्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी कात्रजच्या पलीकडे चहाच्या टपरीवर आमच्या पाच-सात गाड्या लागल्या की कुणीतरी गाडी बाजूला घेतंच. "काका, ही अजून चालते?" इथून सुरुवात होते आणि दुसरा चहा येईपर्यंत प्रश्न कागदपत्रांपर्यंत पोचलेले असतात. तेच प्रश्न इथे उतरवून काढले आहेत. माझी स्वतःची गाडी १९६९ची जावा, वडिलांनी घेतलेली, त्यामुळे उत्तरं बरीचशी जावा-येझदीच्या अंगाने जातात. बाकीच्या गाड्यांनाही त्यातलं पुष्कळ लागू पडतं.

व्हिंटेज म्हणायला गाडी किती जुनी हवी?

केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती केली, तिच्यानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटून गेलेली आणि मूळ रूप टिकवून असलेली दुचाकी किंवा चारचाकी म्हणजे व्हिंटेज. कागदोपत्री एवढंच. पण १९९२ची येझदी रोडकिंग किंवा १९९५ची यामाहा आरएक्स १०० घेऊन कुणी आला तर त्याला आम्ही वय विचारत नाही. ज्या गाडीचा कारखाना बंद झाला, जिचा पार्ट शोधायला चार फोन करावे लागतात आणि तरीही जी रस्त्यावर चालते, ती आपल्यातलीच.

जावा आणि येझदी एकच का? आणि शोरूममध्ये दिसते ती नवी जावा?

जावा मूळची प्रागची. फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९मध्ये जर्मनीच्या वांडरर कंपनीची मोटरसायकल बनवायला घेतली आणि दोन्ही नावांची पहिली रोमन अक्षरं (Ja आणि Wa) जोडून 'जावा' हे नाव झालं. आपल्याकडे रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावा हा कारखाना काढला. १९६१पासून तिथे गाड्या बनू लागल्या. सत्तरच्या दशकात जावा हे नाव जाऊन येझदी आलं. इराणमधलं यझ्द शहर हे त्या नावाचं मूळ. गंमत म्हणजे चेक भाषेत 'येझ्दी' या शब्दाचा अर्थच 'तो गाडी चालवतो' असा होतो. १९७८ला रोडकिंग आली. १९९६ला कारखाना बंद पडला.

२०१८मध्ये जावा आणि २०२२मध्ये येझदी ही नावं परत बाजारात आली. त्या गाड्या चांगल्याच आहेत, पण फोर-स्ट्रोक आहेत, इंजिन पाण्याने थंड होणारं आहे. जुन्या गाड्या टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या. जुन्या गाडीला त्यांचा एक पार्ट लागत नाही. म्हणून शोरूमच्या काउंटरवर जाऊन जुन्या जावाचं पिस्टन मागू नका.

पहिलीच जुनी गाडी आहे. कोणती घेऊ?

तुमच्या गावात ज्या गाडीचा मिस्त्री जिवंत आहे, ती घ्या. सल्ला ऐकायला साधा वाटतो, पण मी आणखी कशालाच एवढं महत्त्व देत नाही.

त्यानंतर मग आवड. यामाहा आरएक्स १००, १९८५ ते १९९६, हलकी आणि चपळ. पार्ट गल्लोगल्ली मिळतात, त्यात नकली माल अमाप. राजदूत १७५ मूळ पोलंडची, एस्कॉर्ट्सने १९६२पासून बनवली. तीनच गिअर, पण दुधाचे कॅन लादून कच्च्या रस्त्यावरून वर्षानुवर्षं पळालेली गाडी. शिकायला हिच्यासारखी दुसरी नाही. तिचीच थोरली बहीण म्हणावी ती राजदूत ३५०, म्हणजे यामाहाची आरडी ३५०. ती पहिली गाडी म्हणून अजिबात घेऊ नका. दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर, अंगात वेग आणि किंमत आता आभाळाला भिडलेली. जुनी कास्ट आयर्न बुलेट घ्यायची तर आधी आठवडाभर मित्राची चालवून बघा. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. इतक्या वर्षांची सवय ऐन वेळी दगा देते आणि माणूस ब्रेक समजून गिअर दाबतो.

जावा आणि येझदी क्लासिक या दोहोंच्या मधे मला नवख्यासाठी येझदी बरी वाटते. इंजिनाचा बाज तोच, पार्ट जास्त, आणि ओरखडा पडला तर काळीज तुटत नाही.

वडिलांची गाडी वीस वर्षं अंगणात उभी आहे. सुरू होईल?

होईल. फक्त आज किक मारू नका.

सगळ्यांचा हात आधी किककडे जातो. वीस वर्षांत सिलिंडरमध्ये गंजाचा पातळ थर धरलेला असतो, पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटलेल्या असतात, आणि पहिल्या जोरदार किकेला त्या बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, खरवडून काढतात. प्लग काढा, भोकातून दोन चमचे टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल) सोडा आणि दोन दिवस गाडीकडे फिरकू नका. तिसऱ्या दिवशी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवा. पिस्टन सरकलं तर अर्धी लढाई जिंकलात. नाही सरकलं तर परत ऑइल, परत दोन दिवस.

तोपर्यंत टाकी उतरवून रिकामी करा. आतलं पेट्रोल वार्निशसारखं झालेलं असतं. कार्बोरेटर खोलून जेटमधून, म्हणजे पेट्रोल जाण्याच्या बारीक भोकातून, उजेड आरपार दिसतो का ते बघा. सायलेन्सर काढून आत टॉर्च मारा. आमच्या गाडीच्या उजव्या सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं, टोकापासून वीतभर आत. ते तसंच राहिलं असतं तर बाकी सगळं ठीक असूनही गाडी गुदमरली असती आणि मी महिनाभर कार्बोरेटरलाच दोष देत बसलो असतो.

क्रँकची, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याची, ऑइल सील मात्र बदलावीच लागतात. उभ्या गाडीची सील दगडासारखी कडक होतात. क्लचच्या बाजूचं सील गेलं की इंजिन गिअरबॉक्समधलं ऑइल ओढून पितं आणि मागे पांढऱ्या धुराचा लोट निघतो. दुसऱ्या बाजूचं गेलं की हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि पिस्टन तापतं. दोन सीलांची किंमत किरकोळ, न बदलल्याचा खर्च पूर्ण इंजिनाचा.

गाडी स्वस्तात मिळतेय, पण कागद नाहीत. घेऊ का?

नाही.

"नंतर बघू", "आरटीओत ओळख आहे", "भंगारातलं आरसी बुक मिळेल" हे सगळं मी ऐकलेलं आहे. दुसऱ्या गाडीचं आरसी लावून चेसिस नंबर ठोकून घेणं हा गुन्हा आहे, आणि तो केलेल्या गाडीवर मनापासून प्रेम करता येत नाही. प्रत्येक नाकाबंदीला पोटात गोळा येतो.

कागद असतील तरी ते गाडीशी जुळवून बघा. चेसिस नंबरवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा, आकड्यांची छाप नीट उमटली पाहिजे. आकड्यांची उंची एकसारखी नसेल, आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे असतील तर चहा प्या आणि घरी या. इंजिन बदललेलं असेल तर त्याची नोंद आरसीत हवी. मूळ मालक हयात नसेल तर वारसांची सही आणि कागद आधी, पैसे नंतर. आणि आरटीओच्या नोंदीत गाडी जिवंत आहे ना, हे व्यवहाराआधी ऑनलाइन तपासा. पुष्कळ जुन्या तीन अक्षरी नंबरांची माहिती संगणकावर चढलेलीच नाही. ती चढवून घेण्यात महिने जातात.

पंधरा वर्षांनंतर गाडी भंगारात द्यावीच लागते ना?

महाराष्ट्रात तशी सक्ती खासगी दुचाकीला नाही. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायचं, मग दर पाच वर्षांनी. आरटीओत गाडी दाखवायची, पर्यावरण कर भरायचा, पीयूसी आणि विमा चालू ठेवायचा. नवी सुरक्षित नंबर प्लेट जुन्या गाड्यांनाही लागते. जुन्या क्रोमच्या गाडीवर ती प्लेट डोळ्यांत खुपते हे मलाही मान्य आहे. तरी लावा.

मग व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी करावी का?

नीट विचार करून. ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' असलेला खास नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि पुढच्या वेळी ५,००० रुपये. आधीपासून नोंदलेली गाडी आपला जुना नंबर ठेवू शकते. पण अट अशी की ही गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. रविवारी भाजी आणायला जावावर जायचं असेल तर साधी नोंदणी चालू ठेवलेली बरी. मी तेच केलं आहे.

गाडी पुन्हा उभी करायची तर सुरुवात रंगापासून की इंजिनापासून?

इंजिन, मग चाकं आणि ब्रेक, मग वायरिंग, आणि सगळ्यात शेवटी रंग. उलटं केलं की काय होतं ते दर वर्षी दिसतं. टाकी आरशासारखी चमकते, मालकाचे पैसे आणि हुरूप दोन्ही संपलेले असतात, आणि खालच्या क्रँकला अजून कुणी हात लावलेला नसतो.

खोलण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. प्रत्येक जोडाचे नट-बोल्ट वेगळ्या डबीत, डबीवर चिठ्ठी. सिलिंडरचं माप घेऊन मगच पिस्टन मागवा. ओव्हरसाइझ पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १ मिलिमीटर अशा टप्प्यांनी मिळतात, आणि बोअर आधीच शेवटच्या टप्प्यावर गेला असेल तर स्लीव्हचा, म्हणजे सिलिंडरच्या आत नवी नळी बसवण्याचा, विचार करावा लागतो.

एक गोष्ट मी किंमत मोजून शिकलो. पहिल्यांदा बोअर केला तेव्हा सिलिंडर एका वर्कशॉपमध्ये टाकून आलो आणि पिस्टन घरीच ठेवलं. त्यांनी पुस्तकातल्या मापाने बोअर काढून दिला. पिस्टन होतं दुसऱ्या बनावटीचं, अंगाने किंचित जाड. दोनशे किलोमीटर नीट गेली आणि खंबाटकीच्या चढाला मागचं चाक एकदम लॉक झालं. क्लच ओढायला हात आपोआप गेला म्हणून पडलो नाही. सिलिंडरचं डोकं काढलं तेव्हा पिस्टनच्या पाठीवर उभे चंदेरी ओरखडे होते आणि वरची रिंग ॲल्युमिनियमखाली गाडली गेली होती. तेव्हापासून पिस्टन हातात घेऊनच वर्कशॉपला जातो, पिस्टन आणि सिलिंडरमध्ये किती गॅप ठेवणार ते विचारतो, आणि समोर फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) बघतो.

क्रँक घरी करायचा विचार सोडा. त्याला प्रेस लागतो आणि नंतर दोन्ही टोकांचा लपका (फिरताना वाकडं हलणं) काढायला अनुभवी हात लागतो. ते काम करणारे म्हातारे कारागीर अजून आहेत. त्यांच्याकडे काम टाका आणि घाई करू नका.

गाडी नव्यासारखी करावी की जुनी दिसू द्यावी?

मूळ रंग निम्म्याहून जास्त शाबूत असेल तर त्याला हात लावू नका, असं माझं ठाम मत आहे. गुडघे घासून टाकीचं क्रोम जिथे पिवळसर झालंय, तिथे कुणाचे तरी चाळीस वर्षांचे गुडघे आहेत. रंग कधीही देता येतो, मूळचा परत आणता येत नाही. पत्राच सडला असेल तर मात्र सगळं नीट करा, आणि टाकीवरची सोनेरी रेघ स्टिकरने न लावता हाताने मारणारा पेंटर शोधा. दोन हात लांबूनही फरक कळतो.

पार्ट कुठे मिळतात?

पुण्यात नाना पेठ आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत कुर्ल्याची सीएसटी रोडची दुकानं. जावाचे काही पार्ट आजही चेक प्रजासत्ताकात बनतात आणि मागवता येतात, पण म्हैसूरच्या गाडीला ते बसतीलच असं नाही, माप जुळवून घ्या. सगळ्यात भरवशाचा माल जुन्या मिस्त्र्यांच्या माळ्यावर असतो. तो पैशाने निघत नाही. चार वेळा जावं लागतं, गाडी दाखवावी लागते. पाचव्या खेपेला ते स्वतःच शिडी लावतात.

पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं?

जावा आणि जुन्या येझदीला १:२५, म्हणजे लिटरला ४० मिली. नव्या बोअरला पहिले ५०० किलोमीटर १:२०, म्हणजे ५० मिली. पूर्वी पंपावर टू-टी ऑइलचं वेगळं मशीन असायचं, आता स्वतःची मापाची बाटली बाळगा. ऑइल सरळ टाकीत ओतू नका, ते तळाशी बसून पेट्रोलच्या कॉकमधून तसंच खाली येतं. कॅनमध्ये मिसळून, हलवून मग टाकीत. आरएक्स १००ला वेगळी ऑइल टाकी आणि पंप आहे, तो चालतोय याची खात्री करा.

आणि ई२० पेट्रोलचं काय?

ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आणि ही खरी डोकेदुखी आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, जुना रबर फुगवतं आणि कार्बोरेटरच्या जस्ताच्या अंगाला पांढरी बुरशी आल्यासारखं खातं. टाकीत पाणी वाढलं की इथेनॉल आणि पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे तेच जेट आता मिश्रण पातळ करतं आणि इंजिन जास्त तापतं.

पेट्रोलची नळी आणि वॉशर इथेनॉल सोसणारे लावा. मेन जेट एक नंबर मोठा करून प्लगचा रंग बघा. चॉकलेटी हवा. पांढरट असेल तर अजून पातळ आहे, काळा ओला असेल तर जास्त झालं. आणि घरी पोचायच्या थोडं आधी पेट्रोल कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होऊ द्या. गाडी तीन-चार आठवडे उभी राहणार असेल तर टाकीही उपसा.

किकच गिअर आहे म्हणतात, ते कसं?

डाव्या बाजूची एकच लिव्हर. आत दाबून उभी केली की किक, पुढे आडवी केली की गिअर. गिअर दाबताना क्लच आपोआप सुटतो, त्यामुळे हाताने क्लच न ओढताही गिअर पडतो. लोकांना दाखवायला एखाद्या वेळी ठीक आहे, रोज मात्र हाताने क्लच ओढा. चावीही निराळी, हेडलाइटच्या डोक्यात खुपसायची, खिळ्यासारखी. खरोखरचा खिळा घालूनही गाडी सुरू होते, म्हणून गाडी लावताना साखळी-कुलूप घाला.

किक मारून दमलो, सुरू होत नाही. आधी काय बघू?

प्लग. काढा, पुसा, इंजिनाला टेकवून किक मारा आणि ठिणगी बघा. एकदा वरंध्याच्या वाटेवर एक येझदी अशीच बसली होती. आम्ही चौघं कॉइलपर्यंत पोचलो होतो. आमच्यातल्या सत्तरीच्या आजोबांनी प्लग हातात घेतला, उन्हाकडे धरला आणि नखाने काहीतरी काढलं. दोन टोकांच्या मधे केसाएवढा कार्बनचा दोरा अडकला होता. पुढच्या किकेला गाडी सुरू. तेव्हापासून मी चष्मा लावल्याशिवाय प्लग बघत नाही.

ठिणगी नसेल तर पॉइंट, म्हणजे ठिणगीची वेळ साधणारा उघडझाप करणारा स्विच. पॉलिश पेपरने साफ करा, गॅप ०.४ मिलिमीटर ठेवा. गाडी थंड असताना नीट चालते आणि तापली की बंद पडते, असं असेल तर बहुतेक कंडेन्सर गेलाय. ठिणगी आहे आणि प्लग कोरडा आहे, तर कार्बोरेटरवरचा टिकलर दाबून पेट्रोल येतंय का बघा. प्लग ओला असेल तर कॉक बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि दहा किका.

घाटात टू-स्ट्रोक चालवताना काही वेगळं?

चढापेक्षा उताराला जपा. ॲक्सिलरेटर बंद करून गिअरवर गाडी उतरवत राहिलात तर इंजिन फिरतं आहे पण पेट्रोल जात नाही, आणि पेट्रोलबरोबर येणारं ऑइलही जात नाही. पिस्टन कोरडं घासतं. दर थोड्या वेळाने क्लच ओढून एक-दोनदा रेस द्या. ब्रेक ड्रमचे आहेत, लांब उताराला तापून ढिले पडतात. पुढच्या गाडीपासून आधुनिक गाडीच्या दुप्पट अंतर ठेवा. ६ व्होल्टचा दिवा हळू वेगात मिणमिणतो, म्हणून अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचेल असाच बेत आखा.

सगळ्यांबरोबर राइडला यायचं तर नियम काय?

सगळ्यात हळू गाडी सगळ्यात पुढे. तिच्या वेगाने सगळे जातील. शेवटच्या गाडीवर हत्यारं आणि सगळ्यात जाणता माणूस. एक गाडी थांबली की सगळे थांबतात, कुणालाही रस्त्यात सोडून आम्ही पुढे गेलेलो नाही. सोबत हेल्मेट, दोन प्लग, क्लच आणि ॲक्सिलरेटरची वायर, चेनची लॉक, थोडं ऑइल, प्लग पाना आणि पकड. सायलेन्सरची जाळी काढून फटफट आवाज करत कुणी येऊ नये. गावातून जाताना म्हातारी माणसं या गाड्यांकडे हसून बघतात, ते आवाजाने घालवायचं नाही.

माझ्याकडे गाडी नाही. नुसतं बघायला आलो तर चालेल?

या ना. जुलैचा दुसरा रविवार जावा-येझदी दिवस म्हणून देशभर साजरा होतो, त्या दिवशी तर याच. पाऊस असतो, गाड्या चिखलाने भरलेल्या असतात आणि कुणाची ना कुणाची किक हमखास लागत नाही. मागे एक कॉलेजचा मुलगा असाच आला होता. दिवसभर पाने हातात देत उभा राहिला. संध्याकाळी विचारत होता, आजोबांची राजदूत गावी गोठ्यात आहे, टेम्पोने आणायला किती माणसं लागतील. तीन लागली. पैकी दोन आम्ही होतो.